‘गॅप’ खोडल्यावर काय लिहायचं

गेल्या महिन्यात एका फ्रिजच्या माहितीपुस्तिकेचं मराठी भाषांतर माझ्याकडे तपासायला आलं. पानं १२ आणि ‘गॅप’ १९ वेळा. भिंत आणि फ्रिज यांच्यात गॅप ठेवा. दाराच्या रबरात गॅप आहे का ते तपासा. डब्यांमध्ये हवा फिरण्यासाठी गॅप सोडा. वीज गेल्यास पुन्हा सुरू करताना पाच मिनिटांचा गॅप द्या. भाषांतर करणारा मुलगा हुशार आहे, आळशी नाही. फोनवर म्हणाला, “ताई, सगळे गॅपच म्हणतात. दुसरं काय लिहू?”

त्याला तासभर फोनवर जे सांगितलं तेच जरा नीट लावून इथं लिहिते आहे. तीस वर्षं मुद्रितं तपासतेय, त्यातली निम्मी अशा पुस्तिकांची. त्यामुळे हे व्याकरण नव्हे, माझी कामाची सवय समजा.

आधी त्या चार वाक्यांचं काय केलं ते सांगते. ‘भिंतीपासून चार बोटं जागा सोडा.’ ‘दार लावल्यावर रबराला फट राहते का पाहा.’ ‘डबे एकमेकांना चिकटवून ठेवू नका.’ ‘वीज आल्यावर पाच मिनिटं थांबून बटण दाबा.’ चार गॅपपैकी दोन जागी नाम उरलंच नाही. म्हणून पहिली सूचना अशी की ‘गॅप’ला मराठी शब्द शोधायच्या आधी तिथं शब्द हवाच का ते बघा. ‘थांबून’, ‘सोडून’, ‘मागेपुढे’, ‘एकाआड एक’ एवढ्यावर पुष्कळदा भागतं. ‘दोन रोपांमध्ये एक फूट गॅप ठेवा’ असं लिहिणाऱ्याला शेतकरी मनात हसत असेल. तो ‘फूटभरावर एक लावा’ म्हणतो आणि पुढच्या सरीला जातो.

शब्द हवाच असेल तर पुढचं.

मी सांगलीची. वडील हळदीच्या आडतीवर दिवाणजी होते आणि सुट्टीत कधी कधी मला सायकलच्या दांडीवर बसवून हरिपूरला न्यायचे. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या या गावात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत. वरून पाहिलं तर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आत मात्र घागरीसारखं पोट, चांगलं वीसेक फूट खोल. हळद त्यात वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही. तोंड उघडं टाकून ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून सोडायचा. कंदील विझला तर तो वर ओढून पुन्हा वाट बघायची. एकदा एक पेव पूर्ण उपसून झालं होतं, आत हळकुंड नव्हतं, तरी वडिलांनी मला काठापासून मागे ओढलं. म्हणाले, “रिकामं झालंय. मोकळं नाही झालं अजून.”

तेव्हा काही कळलं नाही. पुढे मुद्रितं तपासायला लागले तेव्हा हे वाक्य रोज उपयोगी पडायला लागलं. त्याकडे येतेच.

फोनवर त्या मुलाला पहिली युक्ती सांगितली ती क्रियापदाची. मराठीत प्रत्येक रिकाम्या जागेचं आपलं क्रियापद ठरलेलं आहे आणि ती जागा कशी झाली ते त्यातच सांगितलेलं असतं. फट राहते. म्हणजे कुणीतरी दोन वस्तू नीट भिडवल्या नाहीत. भेग पडते. म्हणजे ओल गेली, वस्तू आकसली, हळूहळू झालं; उन्हाळ्यात काळ्या रानाला पडते आणि हिवाळ्यात टाचांना. तडा जातो. क्षणात जातो, बहुतेक वेळा आवाजही होतो. माठाला, काचेला, विश्वासाला. विश्वासाला भेग पडत नाही, कारण विश्वास उन्हानं वाळत नाही, धक्क्यानं फुटतो. खंड पडतो, फूट पडते, भगदाड पडतं. ‘पोकळी’ला मात्र वर्तमानपत्रांनी ‘निर्माण होते’ असं साहेबी क्रियापद दिलं आहे. घरात काही निर्माण होत नाही.

तेव्हा शब्द सुचत नसेल तर आधी ‘राहते, पडते की जाते’ हे ठरवा. शब्द मागून येतो.

याचं एक प्रात्यक्षिक माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर झालं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी रेघ निघाली होती. मी गवंड्याला म्हटलं, भेग पडली आहे हो. त्यानं नख फिरवून पाहिलं. “ताई, ही चीर आहे. गिलाव्याची. भेग असती तर नख आत गेलं असतं.” मग त्यानं रेघेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण केली, शेजारी तारीख घातली आणि म्हणाला, पावसाळा जाऊ द्या, खुणेच्या पुढं गेली तर बोलवा. गेली नाही. चीर लांबी म्हणजे पुट्टी भरून, घासून रंगात जाते. भेगेला आधी छिन्नीनं रुंद करावं लागतं, आतला भुगा काढावा लागतो आणि मग भरावं लागतं. चुकीचा शब्द वापरला असता तर फुकट भिंत फोडून घेतली असती.

बुजवण्याची क्रियापदंही अशीच वेगवेगळी आहेत आणि तिथं भाषांतरवाले फार घसरतात. खड्डा बुजवतात, भेग लिंपतात, गाळलेली जागा भरतात, उणीव भरून काढतात, कापडाचं भोक रफू करतात. ‘दरी भरून काढणे’ मी खोडते. दरी कोण भरणार? दोन्ही बाजूंना माणसं असतील तर ती सांधावी लागते, नाही तर कमी करावी लागते.

दुसरा प्रश्न: आरपार आहे की तळ आहे? आरपार असेल तर भोक, छिद्र, नेढं. नेढं म्हणजे सुईचं, आणि डोंगराचंही. राजगडाच्या सुवेळा माचीवर खडकाला आरपार पडलेलं केवढं तरी भोक आहे, माणसं त्यात वारा खात बसतात, त्यालाही नेढंच म्हणतात. एवढाल्या खडकाला सुईचा शब्द लावणाऱ्याला माझा नमस्कार. तळ असेल तर खड्डा, खळगा, खाच. दुसरी वस्तू आत बसायची असेल तर खोबण. डोळे खोबणीत असतात, खाचेत नव्हे. मात्र डोळे खोल गेले की त्यांच्या खाचा होतात, हेही खरं.

‘भोक’ लिहायला लोक हल्ली लाजतात. पुस्तिकेत सगळीकडे ‘छिद्र’. ‘भिंतीत ६ मिमीचे छिद्र पाडा’ असं वाचून सुतार क्षणभर थांबतो आणि मग भोक पाडतो. कान टोचल्यावर आजी भोक बुजू नये म्हणून कडुनिंबाची काडी घालून ठेवायची, छिद्र बुजू नये म्हणून नाही. विज्ञानाच्या पुस्तकात, पानांच्या आणि त्वचेच्या वर्णनात छिद्र असू दे. ज्याच्या हातात ड्रिल आहे त्याला भोक द्या.

तिसरा प्रश्न: ती जागा कुणाची, कशासाठी? उंदराचं बीळ, पोपटाची ढोली, दिव्याची देवळी, सामानाचा कोनाडा, गडाच्या तटातून मारा करायच्या जंग्या, मोठ्या दरवाज्यातला माणूस वाकून जाईल एवढा दिंडी दरवाजा, जुन्या वाड्याच्या भिंतीतलं धान्याचं बळद. ही सगळी भोकं आणि पोकळ्याच, पण तसं म्हटलं तर घर रिकामं करून दाखवल्यासारखं होतं. माहीत असेल तेव्हा खास शब्द वापरा. माहीत नसेल तर ‘भिंतीतली दिव्याची जागा’ असं सरळ लिहा. अर्धवट आठवणारा भारदस्त शब्द नको. ‘पुस्तकांचं पेव फुटलं’ लिहिणाऱ्या कितीजणांना पेव जमिनीत असतं हे ठाऊक आहे, देव जाणे. हरिपूरच्या पुष्कळ पेवांत २००५ च्या महापुराचं पाणी शिरलं, ती खचली. वाक्प्रचार मात्र शाबूत आहे.

आता वडिलांचं वाक्य.

‘रिकामं’ आणि ‘मोकळं’ यांत जो गोंधळ करतो त्याचं मराठी मी जरा संशयानंच तपासते. रिकामं म्हणजे जे असायला हवं ते नाही. मोकळं म्हणजे जे अडवत होतं ते नाही. म्हणून भांडं रिकामं, मैदान मोकळं. भात मोकळा होतो म्हणजे शीत शिताला चिकटत नाही. केस मोकळे, श्वास मोकळा, आणि पोटात साठलेलं बोलून टाकलं की माणूस मोकळा. हात रिकामे असले तर पाहुण्याकडे जाताना लाज वाटते. हात मोकळा असला तर तो खर्च करतो. ‘रिकामा वेळ’ आणि ‘मोकळा वेळ’ घड्याळात सारखेच, पण पहिल्यात रिकामटेकडा बसतो आणि दुसऱ्यात माणूस पाय पसरतो. बँकेच्या एका पत्रकात ‘आपल्या रिकाम्या वेळेत शाखेस भेट द्या’ असं आलं होतं. मी ‘सवडीनं’ केलं. ग्राहकाला तोंडावर रिकामटेकडा म्हणायचं नसतं.

पेवाचं तसंच होतं. हळद निघाली, रिकामं झालं. आतली कोंडलेली हवा निघाली नाही, म्हणून मोकळं नव्हतं.

या दोघांच्या शेजारी ‘कोरा’ बसतो. कोरा म्हणजे ज्यावर अजून काही उमटलं नाही असा. कोरा कागद, कोरं कापड. दूध न पडलेला चहाही कोराच. सातबारा कोरा करा अशी मागणी होते ती याच अर्थानं: उताऱ्यावर बोजा नको. तिथं ‘रिकामा सातबारा’ म्हणाल तर जमीनच गेली असं वाटेल. आणि ओसाड, उजाड, भकास, सुनं हे शब्द जागेपेक्षा बघणाऱ्याबद्दल जास्त बोलतात. जमिनीच्या जाहिरातीत मोकळा भूखंड असतो, ज्याचं घर तिथं होतं त्याला तो ओसाड दिसतो. कुणाच्या नजरेनं लिहिताय ते ठरवून मगच यांना हात लावा.

दुसरी जोडी, खरं तर तिकडी, माझ्या आवडीची: पोकळ, पोचट, फोल. तिन्हींत आत काही नाही. पण पोकळ म्हणजे बाहेरून भक्कम, आतून नाही. बांबू तसा, धमकी तशी, बडं घर आणि त्याचा वासाही तसा. पोचट म्हणजे भरायला हवं होतं पण भरलंच नाही. कणसात दाणा धरला, पाऊस गेला, दाणा पोचट राहिला. म्हणून विनोद पोचट असतो, युक्तिवादही पोचट असतो. पोकळ विनोद कुणी म्हणत नाही. फोल म्हणजे दाणा गेल्यावर मागे उरलेलं टरफल, आणि म्हणूनच प्रयत्न फोल ठरतात: केले होते, निघालं काही नाही. इंग्रजीतल्या एकाच शब्दासाठी या तिघांतला कुठला घ्यायचा हे शब्दकोश सांगणार नाही, शेत सांगतं. शेत नसेल तर स्वयंपाकघर. करंजीत सारण कमी पडलं तर ती हलवल्यावर वाजते, आई म्हणायची, “हा बघ खुळखुळा झाला.” एका लेखकाच्या भाषणाच्या मुद्रितावर समासात मी पेन्सिलीनं ‘खुळखुळा’ लिहिलं होतं. खोडायला विसरले. त्यांनी विचारलंच.

‘पोकळी’बद्दल मात्र माझी तक्रार आहे. श्रद्धांजलीच्या जाहिरातीत ‘कधीही भरून न येणारी पोकळी’ इतक्या वेळा आली आहे की आता वाचणाऱ्याचा डोळा तिच्यावरून घसरून थेट दशक्रियेच्या तारखेवर जातो. माझे वडील गेले तेव्हा भावानं मजकूर लिहून आणला, त्यात ती होतीच. मी ती काढून ‘आडतीवर त्यांच्या गादीवर अजून कुणी बसत नाही’ असं लिहिलं. भाऊ म्हणाला, “हे छापायचं नसतं गं.” मग दोघांनी मिळून नुसतं नाव, तारीख आणि पत्ता छापला. तुम्हाला लिहायचंच असेल तर ‘उणीव भासते’ बरं, ‘चुकल्यासारखं होतं’ त्याहून बरं. पोकळी दाताला, खांबाला आणि राजकारणाला ठेवा.

माणसामाणसांतल्या रिकाम्या जागेला ‘अंतर’ लावताना जपून. लोकलच्या फलाटावर अंतराकडे लक्ष द्या असं ऐकू येतं, कारण तिथं दोन कडांमधली लांबी मोजायची आहे. पाय मात्र अंतरात अडकत नाही, फटीत अडकतो. दोन मुलांत अंतर ठेवणं हे दवाखान्यातलं बोलणं, त्यालाच पाळणा लांबवणं म्हणतात. पण ‘अंतर देऊ नका’ म्हणजे आम्हाला टाकू नका. आणि ‘अंतरीचं’ म्हणजे अगदी आतलं. दोन वस्तूंमधली जागा आणि माणसाच्या आतली जागा याला एकच शब्द, त्यामुळे संदर्भ ढिला असला की वाक्य भलतीकडे जातं. नवरा-बायकोत अंतर पडलं तर लिहा ‘दुरावा’. पक्षात पडते ती फूट. दुसऱ्यानं येऊन माणसं पळवली तर खिंडार. खिंड वेगळी, ती लढवायची असते. १६६० साली घोडखिंडीत बाजीप्रभूंनी लढवली ती, आणि मुख्य वक्ता येईपर्यंत सूत्रसंचालक लढवतो तीही.

वेळेतल्या मोकळ्या जागा थोडक्यात सांगते. रोजच्या नेमात पडतो तो खंड. कामातून मिळते ती सवड, कष्टातून मिळते ती उसंत. फुरसत उसंतीपेक्षा ऐसपैस. एखाद्या गोष्टीला अजून वेळ आहे तर ‘अवकाश आहे’. हा जुना, छान प्रयोग आता अवकाशयानांच्या गर्दीत चेंगरतोय, जमेल तिथं वापरा. पावसाचं मात्र नीट जपा: संततधारेत दोन दिवस ऊन पडलं तर उघडीप, आणि हवा असताना पंधरा दिवस पडलाच नाही तर खंड. दोन्हीला ‘पावसाचा गॅप’ लिहिलेलं मी पाहिलं आहे. पहिल्यात शेतकरी वाफसा आला म्हणून कुळव काढतो, दुसऱ्यात आभाळाकडे बघत बसतो. तबल्यात तर रिकामी मात्रासुद्धा मोजून ठेवलेली असते. तीनतालात नवव्या मात्रेला टाळी नाही, हात नुसता हवेत उलटा करायचा, तिचं नाव खाली. न वाजवणं हासुद्धा तालाचा भाग.

शेवटची रिकामी जागा आम्हा मुद्रितं तपासणाऱ्यांची: दोन शब्दांमधली. मोबाइलवर लिहिणाऱ्यांनी ती कुठंही टाकायला सुरुवात केली आहे. ‘घरा मध्ये’, ‘त्यांच्या साठी’, ‘पुण्या हून’. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटूनच येतं, मध्ये वारासुद्धा जाता कामा नये. आणि हा नुसता शिस्तीचा प्रश्न नाही. ‘पुणेकर वाढले’ ही जनगणनेची बातमी, ‘पुणे: कर वाढले’ ही महापालिकेची. नऊवारी नेसतात, नऊ वारी वारकरी करतो. मजकूर पाठवायच्या आधी ‘मध्ये’, ‘साठी’, ‘पासून’, ‘पर्यंत’, ‘मुळे’, ‘सारखा’ हे सहा शब्द शोधा आणि त्यांच्या आधीची जागा तपासा. पाच मिनिटांचं काम आहे. निम्म्या चुका त्यातच निघतात.

आणि गॅप कुठं राहू द्यायचा तेही सांगून टाकते. मेकॅनिक स्पार्क प्लगचा गॅप बघतो, त्याला फट म्हणालात तर तो प्लग बदलायला काढेल. एखादं वर्ष शिक्षण थांबलं तर प्रवेशाच्या वेळी गॅप सर्टिफिकेट मागतात. अर्जाच्या मदतपत्रकात ‘खंड प्रमाणपत्र’ छापलं तर मुलं रांगेत उभी राहून एकमेकांना विचारतील, हे कुठलं? जिथं ज्यांचं काम आहे त्यांनीच तो शब्द घेतला आहे तिथं तो त्यांचा झाला, आपण खोडायचा नाही. फक्त त्याचं लिंग ठरवून घ्या आणि शेवटच्या पानापर्यंत तेच ठेवा. मेकॅनिक म्हणतो ‘गॅप वाढलाय’, माझी भाची म्हणते ‘दोन वर्षांची गॅप पडली’. फ्रिजच्या त्या पुस्तिकेत १९ पैकी ११ पुल्लिंगी निघाले आणि ८ स्त्रीलिंगी, त्यातले दोन तर एकाच वाक्यात समोरासमोर.